रॉक संगीतातील तरुण बँड : ऱ्हासाच्या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा इतिहास हा बहुतांशी बँडचा इतिहास आहे. आपल्याकडे 'बँड' हा शब्द उच्चारताच वरातीपुढे चालणारा, झगमगीत कोट घातलेला वाजंत्र्यांचा ताफा डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने योजिला आहे. गिटार, बास गिटार, ड्रम आणि गायन अशी आपसांत वाटणी करून घेतलेला, स्वतःची गाणी स्वतःच रचणारा आणि स्वतःच वाजविणारा चार-पाच समवयस्कांचा गट, असा त्याचा येथील अर्थ आहे. द बीटल्स, द रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबथ, यू टू, मेटॅलिका, निर्वाणा ही नावे मराठी वाचकांपैकी ज्यांनी हे संगीत कधी ऐकले नसेल त्यांच्याही कानांवरून गेलेली असतात.

अशा बँडची परंपरा आता संपली आहे काय, हा प्रश्न गेली काही वर्षे वारंवार विचारला जातो. २०१७ साली अमेरिकेत नील्सन या मापन संस्थेच्या आकडेवारीनुसार हिप-हॉप व आर अँड बी या प्रकारांनी एकूण श्रवणात रॉक संगीताला प्रथमच मागे टाकले. २०२१ च्या मार्च महिन्यात मरून फाइव्ह या बँडचा गायक ॲडम लेव्हिन याने, आता बँड उरलेलेच नाहीत, अशा आशयाचे विधान एका मुलाखतीत केले आणि त्यावर मोठा वाद झाला. (एका बँडचाच प्रमुख हे बोलला, ही गोष्ट गमतीची असली तरी दुर्लक्षिण्याजोगी नाही.) विद्वानांच्या वर्तुळात हाच सूर अधिक गंभीरपणे लागलेला होता. सायमन रेनॉल्ड्स यांच्या 'रेट्रोमेनिया' (२०११) या ग्रंथात लोकप्रिय संगीत स्वतःच्याच भूतकाळात अडकून पडल्याचे प्रतिपादन आहे. मार्क फिशर यांनी 'घोस्ट्स ऑफ माय लाइफ' (२०१४) मध्ये याच निरीक्षणाला राजकीय अर्थव्यवस्थेची जोड दिली.

या दाव्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत असे प्रस्तुत लेखकास वाटते. रॉक संगीत लोकप्रियतेच्या शिखरावर नाही, ही पहिली गोष्ट. तरुण मुले बँड स्थापन करण्याऐवजी एकट्याने संगीत करतात, ही दुसरी. आणि जे बँड आहेत त्यांत पूर्वीच्या तोडीचे कोणी नाही, ही तिसरी. पहिली गोष्ट आकड्यांनी सिद्ध होते. दुसरी बऱ्याच अंशी खरी आहे. तिसरी मात्र सिद्ध झालेली नसताना पहिल्या दोहोंच्या आधारे गृहीत धरली जाते, आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

तरुण म्हणजे किती तरुण?

आधी वयाचा मुद्दा. रॉकच्या इतिहासातील थोर म्हणून मान्य झालेल्या बँडचे पहिले अल्बम पाहिले तर त्यांच्या घटकांचे वय थक्क करणारे आहे. 'प्लीज प्लीज मी' (१९६३) प्रसिद्ध झाला तेव्हा जॉर्ज हॅरिसन वीस वर्षांचा होता. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमच्या वेळी (१९६९) रॉबर्ट प्लांट आणि जॉन बॉनहॅम हे दोघेही विशीचे होते. यू टूचा 'बॉय' (१९८०) निघाला त्या वेळी ड्रमवादक लॅरी मलन अठरा वर्षांचा होता. मेटॅलिकाच्या 'किल एम ऑल' (१९८३) च्या वेळी जेम्स हेटफील्ड व लार्स उलरिक यांनी विशी गाठली नव्हती.

परंतु या वयावरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो, तो असा की हे सारे उपजत प्रतिभेचे चमत्कार होते. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची भेट लिव्हरपूलच्या वूल्टन भागात ६ जुलै १९५७ रोजी झाली, आणि पहिला अल्बम १९६३ च्या मार्चमध्ये आला. मधली जवळजवळ सहा वर्षे ही घडणीची वर्षे आहेत. ऑगस्ट १९६० ते डिसेंबर १९६२ या काळात हा बँड पाच वेळा जर्मनीतील हँबर्ग येथे राहिला आणि तेथील क्लबांत रात्री चार-चार, सहा-सहा तास वाजवीत राहिला. हॅरिसनचे वय अठराच्या आत असल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर १९६० मध्ये त्याला तेथून हद्दपार करण्यात आले, इतकी ती कच्च्या वयाची मंडळी होती. ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी त्यांनी पहिल्या अल्बममधील दहा गाणी ध्वनिमुद्रित केली याचे कौतुक सर्वत्र होते. पण त्या एका दिवसामागे हँबर्गच्या शेकडो रात्री उभ्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

ब्लॅक सॅबथचे उदाहरण याहून बोलके आहे. बर्मिंगहॅममधील ॲस्टन या कामगार वस्तीतील ही चार मुले. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली. पुढे त्याने बोटांवर स्वतः बनविलेल्या टोप्या चढविल्या, हलक्या तारा वापरल्या आणि कालांतराने तारांचा ताण उतरवून गिटार खालच्या स्वरात लावली. हेवी मेटल या संपूर्ण प्रकाराचा जो जड, गंभीर नाद आहे त्याची एक मुळी अशी कारखान्याच्या अपघातापर्यंत जाऊन पोहोचते. या बँडचा पहिला अल्बमही ऑक्टोबर १९६९ मध्ये जेमतेम एका दिवसात मुद्रित झाला. बँडचा गायक ऑझी ऑसबर्न याचे २२ जुलै २०२५ रोजी निधन झाले. त्यापूर्वी अवघे सतरा दिवस, ५ जुलै रोजी, ॲस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर चौघांनी अखेरचा कार्यक्रम केला होता.

तेव्हा 'महान तरुण बँड' ही संज्ञा वापरताना आपण प्रत्यक्षात एका प्रक्रियेविषयी बोलत असतो. अल्पवयात एकत्र येणे, एकत्र राहून पुष्कळ वाजविणे, चुका करण्यास मुभा असणे आणि त्यानंतर ऐकणाऱ्यांनी दखल घेणे, हे या प्रक्रियेतील टप्पे होत. यांपैकी एखादा टप्पा खिळखिळा झाला तर प्रतिभा असूनही बँड दिसेनासे होतील.

मृत्युलेखांची जुनी परंपरा

रॉक संगीत संपल्याची घोषणा ही रॉक संगीताइतकीच जुनी आहे. १९५७ साली लिटल रिचर्ड धर्मकार्याकडे वळला, १९५८ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली सैन्यात दाखल झाला, ३ फेब्रुवारी १९५९ रोजी बडी हॉली विमान अपघातात मृत्यू पावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चक बेरीला अटक झाली. रॉक अँड रोल हे चार दिवसांचे फॅड होते आणि ते संपले, असे मानण्यास त्या वेळी सबळ कारणे होती. १९६२ च्या आरंभी डेका कंपनीने बीटल्सना नकार दिला, तेव्हा गिटार वाजविणाऱ्या गटांचे दिवस सरत आल्याचे कारण देण्यात आले, असे त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी नोंदवून ठेवले आहे. डेकाच्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले. पण असे कारण देणे त्या वेळी कोणाला विचित्र वाटले नसते, हे महत्त्वाचे.

आजच्या तक्रारीत आणखी एक दृष्टिदोष आहे. आपण भूतकाळातील निवडक उत्तम कृतींची तुलना वर्तमानातील सरसकट उत्पादनाशी करतो. १९६९ हे वर्ष घ्या. लेड झेपेलिनचे पहिले दोन अल्बम, वुडस्टॉकचा महोत्सव, बीटल्सचा 'ॲबी रोड' हे सारे त्या वर्षातले. परंतु अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या वार्षिक यादीत त्या वर्षीचे प्रथम क्रमांकाचे गाणे होते द आर्चीज या बँडचे 'शुगर, शुगर'. आणि द आर्चीज हा बँड अस्तित्वातच नव्हता, तो एका व्यंगचित्र मालिकेतील काल्पनिक बँड होता! दुसरीकडे द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचा १९६७ चा पहिला अल्बम बिलबोर्डच्या यादीत १७१ च्या वर सरकू शकला नाही. आज त्याची गणना रॉकमधील सर्वांत प्रभावी अल्बममध्ये होते. समकालीनांना थोरवी दिसतेच असे नाही, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अर्थात केवळ एवढ्या युक्तिवादावर समाधान मानणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. पूर्वीची भाकिते खोटी ठरली म्हणून आताचेही खोटे ठरेल, असे तर्कशास्त्र सांगत नाही. त्यासाठी आजचे बँड ऐकावे लागतात.

आजचे काही बँड

डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी. या बँडपासून आरंभ करणे योग्य होईल. पाच तरुण आधुनिक संगीताच्या एका शिक्षणसंस्थेत एकत्र आले ते प्रथम कवितेच्या ओढीने. गाण्यांच्या आधी त्यांनी कवितांच्या पुस्तिका काढल्या होत्या. 'डॉग्रेल' (२०१९) या पहिल्या अल्बमच्या नावातच ओबडधोबड लोकछंदाचा निर्देश आहे. त्यानंतर 'अ हीरोज डेथ' (२०२०), 'स्किन्टी फिया' (२०२२) आणि 'रोमान्स' (२०२४) असे चार अल्बम सहा वर्षांत आले, आणि प्रत्येकाचा नादविचार आधीच्यापेक्षा वेगळा आहे. पहिल्यात डब्लिनचे रस्ते, दारूचे गुत्ते व बोलीचा ठसका आहे. चौथ्यात वाद्यमेळ पूर्णतः बदललेला असून शहर जवळजवळ अदृश्य झाले आहे.

यांतील 'स्किन्टी फिया'चा विशेष उल्लेख करावासा वाटतो. हा अल्बम लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश मुलांच्या परकेपणाविषयी आहे. त्याचे पहिले गाणे एका सत्य घटनेवर आधारलेले आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे एका आयरिश कुटुंबाला आपल्या आईच्या थडग्यावर 'आमच्या अंतःकरणात सदैव' अशा अर्थाचा आयरिश भाषेतील मजकूर कोरावयाचा होता. चर्चच्या न्यायासनाने २०२० मध्ये, सोबत इंग्रजी भाषांतर नसेल तर ते राजकीय विधान समजले जाण्याची शक्यता आहे, असे सांगून परवानगी नाकारली. २०२१ मध्ये अपिलात ती मिळाली. मृत आईचे थडगे आणि त्यावर मातृभाषेचे चार शब्द, एवढाच तो विषय. या गाण्यात गिटार फार उशिरा येते. आरंभी केवळ मंद घोष आहे, एखाद्या प्रार्थनास्थळात घुमावा तसा. हा अल्बम आयर्लंड व ब्रिटन दोन्हींकडे प्रथम क्रमांकावर पोहोचला. विषय, रूप आणि श्रोता या तिन्ही पातळ्यांवर ज्याने असे यश मिळविले त्या बँडला महान म्हणण्यास आपण का कचरावे? तो यू टूइतका सर्वपरिचित नाही, एवढेच उत्तर शिल्लक राहते. आणि ते संगीतविषयक उत्तर नव्हे.

ब्लॅक कंट्री, न्यू रोड या इंग्लिश बँडची कहाणी वेगळ्या कारणासाठी लक्षणीय आहे. सात जणांचा हा गट. त्यात व्हायोलिन आणि सॅक्सोफोनही आहे. दुसरा अल्बम 'ॲन्ट्स फ्रॉम अप देअर' ४ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध व्हायचा होता. त्याच्या चारच दिवस आधी गायक व प्रमुख गीतकार आयझॅक वूड याने बँड सोडत असल्याचे जाहीर केले. अल्बमचे उत्तम स्वागत झाले. हाताशी तयार यश असताना उरलेल्या सहा जणांनी मात्र जुनी गाणी न वाजविण्याचा निर्णय घेतला, नव्याने सगळी गाणी रचली, ती लंडनच्या बुश हॉलमध्ये सादर करून २०२३ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाचा अल्बम काढला, आणि २०२५ मध्ये 'फॉरएव्हर हाऊलाँग' हा अल्बम तीन स्त्री-गायिकांच्या आवाजात सिद्ध केला. बँड ही संस्था व्यक्तीहून निराळी असते याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक अलीकडे दुसरे दिसलेले नाही. एकट्या कलावंताला ही गोष्ट करताच आली नसती.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा गीस हा बँड तर वयाच्या कसोटीवरही जुन्या नमुन्यात बसतो. शाळेत असताना एकत्र आलेली ही मुले. पदवी शिक्षणासाठी पांगण्याआधी एक आठवण म्हणून घराच्या तळघरात केलेले मुद्रण त्यांचे जीवन बदलून गेले. 'प्रोजेक्टर' (२०२१) हा अल्बम हुशार विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखा आहे. 'थ्रीडी कंट्री' (२०२३) मध्ये ती मुले बेफाम झाली. आणि सप्टेंबर २०२५ मधील 'गेटिंग किल्ड' मध्ये त्यांना स्वतःचा आवाज सापडला. गायक कॅमरन विंटर याचा जन्म २००२ चा. त्याचे गायन कित्येकांना प्रथम श्रवणी बेसूर वाटते. प्रस्तुत लेखकालाही ते तिसऱ्या-चौथ्या श्रवणानंतर उलगडू लागले. पण ताल डगमगतो आहे असे वाटत असतानाच चौघे नेमक्या क्षणी एकत्र समेवर यावेत तसे येतात, ती गोष्ट संगणकावर एकट्याने जुळवून आणता येईल असे वाटत नाही.

इतर नावे संक्षेपाने पाहू. आयल ऑफ वाइट बेटावरील वेट लेगला २०२३ मध्ये दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. लीड्सच्या इंग्लिश टीचरने २०२४ चे मर्क्युरी पारितोषिक पटकावले. लंडनच्या द लास्ट डिनर पार्टी या पाच तरुणींच्या बँडचा पहिला अल्बम २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांच्यावर हा बँड कंपन्यांनी 'पेरलेला' असल्याचा आरोप झाला. असा आरोप मुलींच्याच वाट्याला सहसा येतो, हेही नमूद केले पाहिजे. मिशिगन राज्यातील ग्रेटा व्हॅन फ्लीट यांनी २०१९ मध्ये ग्रॅमी मिळविले खरे, परंतु त्यांच्या संगीतावरील लेड झेपेलिनची छाया इतकी दाट आहे की रेनॉल्ड्स यांच्या सिद्धान्ताला त्यांच्याइतके सोयीचे उदाहरण मिळणार नाही. पुरस्कार आणि थोरवी यांचा संबंध तिकडेही आपल्या इकडल्यासारखाच आहे.

मान्यतेची यंत्रणा

मग बँड आहेत तर ते सर्वांना दिसत का नाहीत? याचे उत्तर २००६ या वर्षात शोधता येते. त्या वर्षाच्या जानेवारीत शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडचा पहिला अल्बम निघाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. गायक ॲलेक्स टर्नर त्या महिन्यात वीस वर्षांचा झाला होता. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये बीबीसीने 'टॉप ऑफ द पॉप्स' हा १९६४ पासून चालू असलेला साप्ताहिक कार्यक्रम नियमित स्वरूपात बंद केला. नवख्या बँडना धीराने ऐकवणारे आकाशवाणी निवेदक जॉन पील ऑक्टोबर २००४ मध्ये निवर्तले होते. 'मेलडी मेकर' हे साप्ताहिक २००० साली 'एनएमई'मध्ये विलीन झाले होते; 'एनएमई'ची साप्ताहिक छापील आवृत्तीही मार्च २०१८ मध्ये बंद पडली.

म्हणजे, एकाच आठवड्यात संपूर्ण देशाने एकच बँड ऐकावा व त्याविषयी भांडावे, अशी जी सामाईक जागा होती ती नाहीशी झाली. थोरवी ही कलाकृतीत असते हे मान्य केले तरी थोरवीची कीर्ती ही सामाजिक घटना असते, आणि तिला माध्यमांची यंत्रणा लागते. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक श्रोत्याला त्याच्या आवडीचेच पुढ्यात वाढले जाते. गीसचा चाहता आणि त्याचा शेजारी यांची गाठ या यंत्रणेत पडतच नाही. शिवाय येथे नव्यांची स्पर्धा समकालीनांइतकीच पूर्वसूरींशी असते. १९७१ मधील बँडला १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांशी झगडावे लागत नव्हते. त्या दुकानात सहजासहजी मिळत नसत. आजच्या बँडला मात्र एकाच पडद्यावर, एकाच दरात, संपूर्ण बीटल्ससमोर उभे राहावे लागते.

जागा, पैसा आणि वेळ

मान्यता उशिराने का होईना मिळू शकते. अधिक चिंताजनक आहे ती घडणीची बाजू. ब्रिटिश रॉकचा सामाजिक पाया कोणता होता, याचा शोध सायमन फ्रिथ व हॉवर्ड हॉर्न यांनी 'आर्ट इन्टू पॉप' (१९८७) या ग्रंथात घेतला आहे. जॉन लेनन, कीथ रिचर्ड्स, पीट टाउनशेंड हे सगळे कला महाविद्यालयांचे विद्यार्थी होते. ही महाविद्यालये शासकीय अनुदानावर चालत आणि तेथील विद्यार्थ्याला रिकामा वेळ मिळे. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणास विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास १९९८ मध्ये सुरुवात झाली, आणि २०१२ पासून त्याची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंड झाली. कर्जाचा बोजा शिरावर असलेला विद्यार्थी रिकाम्या वेळेचा उपयोग निराळ्या रीतीने करतो.

महाविद्यालयाबाहेरच्यांसाठी बेकारभत्ता होता. थॅचर सरकारने आणलेल्या 'एंटरप्राइज अलाउन्स' योजनेत स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या बेकार व्यक्तीला वर्षभर आठवड्याला ४० पौंड मिळत. अट एवढीच की तिच्याजवळ १,००० पौंड असावेत. बेकारीचे आकडे खाली दाखविणे हा त्यामागील एक हेतू असल्याची टीका तेव्हा झाली. पण याच योजनेच्या आधारे ॲलन मॅगी याने क्रिएशन रेकॉर्ड्स ही कंपनी उभी केली, आणि पुढे तिनेच ओएसिसला करारबद्ध केले. राज्यकर्त्यांच्या मनात नसलेले हे सांस्कृतिक धोरण होते, असेच म्हणावे लागेल.

आज ही आधाराची जाळी विरली आहे. मात्र यावरून रॉक आता केवळ धनिकांच्या मुलांचे झाले, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. ब्रिटनमधील सटन ट्रस्टच्या २०२४ च्या अहवालात शास्त्रीय संगीत व अभिनय या क्षेत्रांत खासगी शाळांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण फारच मोठे आढळले, पण लोकप्रिय संगीतात ते ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राष्ट्रीय सरासरीजवळच होते. मात्र या आकड्यात एकट्याने गाणारे कलावंतही आहेत. एकट्याला एक खोली आणि एक संगणक पुरतो. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम तिच्या भावाच्या निजण्याच्या खोलीत तयार झाला हे सर्वश्रुत आहे. चार जणांना ड्रम वाजविता येईल अशी जागा, वाहन आणि मुक्काम लागतो. आणि मिळालेल्या पैशाचे चार भाग होतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे लाभली नाहीत त्याला मोबदलाच मिळत नाही. चार जणांत वाटण्यासारखे तेथे काही नसतेच.

सर्वांत मोठा आघात छोट्या सभागृहांवर झाला आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालांनुसार ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात अशी १२५ ठिकाणे प्रत्यक्ष संगीतास मुकली. २०२४ मध्ये उरलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के तोट्यात होती आणि या संपूर्ण क्षेत्राचा नफा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. १९९४ मध्ये या पातळीवरील बँडच्या एका दौऱ्यात सरासरी २२ कार्यक्रम होत. २०२४ मध्ये ते ११ वर आले. म्हणजे जितके वाजवून १९९४ मधील बँड घडत असे, त्याच्या निम्म्याच संधी आजच्या बँडला एका दौऱ्यात मिळतात. ब्लॅक कंट्री, न्यू रोड ज्या वर्तुळातून आला ते दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमधील 'द विंडमिल' नावाच्या एका लहानशा पबभोवती जमलेले होते. ब्लॅक मिडी व स्क्विड हेही बँड तेथलेच. एका खोलीने एवढे दिले, हे पाहिल्यावर १२५ खोल्यांचा हिशेब मनाला बोचू लागतो. दादरच्या छबिलदास शाळेतील सभागृह नसते तर मराठी प्रायोगिक रंगभूमीचे काय झाले असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हँबर्गचा मार्गही आता तितका मोकळा नाही. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटिश नागरिकाला शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि काम करण्याचे नियम देशागणिक निराळे आहेत. अमेरिकेत वाजविण्यासाठी लागणाऱ्या व्हिसा-अर्जाचे शुल्क एप्रिल २०२४ मध्ये बहुतांश अर्जदारांसाठी ४६० डॉलरवरून १,६०० डॉलरांच्या पुढे गेले. या परिस्थितीवर उपाय म्हणून मोठ्या मैदानांवरील तिकिटांच्या उत्पन्नाचा काही भाग छोट्या सभागृहांसाठी बाजूला काढावा, अशी शिफारस ब्रिटिश संसदेच्या संस्कृतीविषयक समितीने मे २०२४ मध्ये केली. कोल्डप्लेने आपल्या २०२५ मधील लंडन व हल येथील कार्यक्रमांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा या कामासाठी दिला. शिफारस मात्र ऐच्छिक स्वरूपाची आहे.

महाराष्ट्राशी असलेला धागा

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध अगदीच नाही असे नाही. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बल्सारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड तेथेच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, शाळकरी मित्रांसमवेत स्थापन झाला. शाळेचे सभागृह, एक पियानो आणि ऐकायला बसलेली मुले एवढीच त्याची सामग्री होती.

मुंबईत धोबी तलावाजवळील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला, आणि देशभरातील महाविद्यालयीन बँडना तेथे वाजविणे हा बहुमान वाटे. परिसरात महाविद्यालय व रुग्णालये आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शांतता क्षेत्राची अंमलबजावणी सुरू झाल्यावर तेथील ध्वनिवर्धक मिटले. नियम अयोग्य होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच्या बदल्यात तशी दुसरी जागा शहराने दिली नाही. २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'लोलापलूझा'ची भारतीय आवृत्ती भरते. तेथे रॉक ऐकायला जमलेल्या तरुणांसमोर प्रमुख बँड म्हणून २०२३ मध्ये द स्ट्रोक्स, २०२५ मध्ये ग्रीन डे आणि २०२६ मध्ये लिंकिन पार्क आले. या तिघांचीही स्थापना विसाव्या शतकातील आहे.